आत्यानं पासवर्ड विचारला

आमच्या रस्त्यावर टायपिंगताईंना खऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून क्षणभर घोटाळायचा आणि मग "अरे, या तर टायपिंगताई!" असं स्वतःशीच म्हणत खिडकीतून पाकीट आत सरकवायचा. खिडकी रस्त्यालाच लागून होती. गजांच्या आत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी प्रिंटर आणि प्रिंटरवर धूळ बसू नये म्हणून पसरलेला जुना रुमाल. कुणी खिडकीशी आलं की ताई आधी रुमालाची घडी करून बाजूला ठेवत, मग चष्मा पुसत आणि मग विचारत, "बोला, कुणाविरुद्ध?"

कारण येणाऱ्यांतले निम्मे तक्रार घेऊनच येत. नळाला पाणी येत नाही, घरमालक पावती देत नाही, वरच्या मजल्यावरचे लोक फरशीवर काहीतरी घासत बसतात. बाकीच्यांचे नोकरीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर माझाही दाखला ताईच भरून देत. "बाई, जिवंत आहात ना? मग लिहिते," असं दर वर्षी विचारत आणि दर वर्षी आम्ही दोघी हसत असू.

एकदा एक ड्रायव्हर रजेचा अर्ज घ्यायला आला होता. मी तिथंच उभी होते.

"आजोबा वारले असं लिहा, ताई."

"ते मागच्या वर्षी वारले ना?"

"ते आईकडचे."

"आईकडचे त्याच्या आदल्या वर्षी."

ड्रायव्हरनं डोकं खाजवलं. "मग काका लिहा."

"कुठल्या बाजूचे ते आत्ताच ठरवा. पुढच्या वर्षी मलाच लक्षात ठेवायचंय," ताई म्हणाल्या आणि टाइप करायला लागल्या.

वडील अचानक गेले तेव्हा ताईंची शाळा नुकतीच संपली होती आणि धाकटा भाऊ अजून अर्ध्या चड्डीत होता. त्या टायपिंग शिकल्या आणि कोर्टाबाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली, टायपिस्टांच्या रांगेत मशीन घेऊन बसायला लागल्या. पुढं एका वकिलानं त्यांचं काम पाहून त्यांना आपल्या ऑफिसात नेलं. भाऊ शिकला, पाणीपुरवठा खात्यात लागला, त्याचं लग्न झालं. ताईंचं राहून गेलं. "राहून गेलं" हा त्यांचाच शब्द. कुणाच्या घरी छत्री राहून जावी, तशा सुरात त्या तो म्हणायच्या. म्हातारे वकील थकले आणि ऑफिस त्यांच्या मुलानं हातात घेतलं, तेव्हापासून ताई घरीच काम करू लागल्या. ऑफिसातून मसुदे मेलवर यायचे, ताई ते नीट करून परत पाठवायच्या. आणि उरलेल्या वेळात खिडकी.

त्यांच्यात एक खोड होती. हाती आलेला कागद त्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नसत. औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेला कागद असतो ना, तो अख्खा वाचणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली. आणि काही चुकलेलं दिसलं की ते दुरुस्त होईपर्यंत त्यांना चैन पडत नसे. मग ती चूक कुणाचीही असो.

त्यांचा भाचा, म्हणजे त्याच घरात राहणारा भावाचा मुलगा, माझा विद्यार्थी. हुशार, चटपटीत, बोलायला गोड. प्रश्न अर्धा वाचूनच उत्तर लिहायला लागायचा. उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं, त्यामुळे ती सवय कधी सुटली नाही. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं आणि त्यानं नोकरी सोडून घरं भाड्यानं देण्या-घेण्याची एजन्सी सुरू करायचं ठरवलं. त्यासाठी त्याला रस्त्याकडची ताईंची खोली हवी होती.

त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत नेता येत नाही. पण घरात ती गोष्ट कुणी सरळ बोललंच नाही. सुरुवात केली भावजयीनं, आणि तीही ताईंच्या खोकल्यापासून.

"वन्सं, रस्त्याची ही सगळी धूळ तुमच्या छातीत जाते. मागच्या खोलीत कसं शांत असतं. आम्ही रिकामी करून देतो तुम्हाला."

मागच्या खोलीत शिडी, जादा गाद्या आणि मोडका कूलर ठेवलेला असायचा. तिला खिडकी होती, पण उघडली की हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत.

ताई म्हणाल्या, "पण वायर कशी पोचणार तिथं?"

इंटरनेटचा राउटर पुढच्या खोलीच्या भिंतीवर स्क्रूनं बसवलेला होता. त्यातून निघालेली वायर टेबलामागून कॉम्प्युटरला जायची आणि तिथंच संपायची. ताईंनी याखेरीज दुसरं कारण दिलं नाही. "मला इथंच बसायचंय, माझी माणसं इथं येतात" हे वाक्य त्यांनी दुसऱ्या कुणासाठी दहा वेळा टाइप करून दिलं असतं. स्वतःसाठी त्यांना ते उच्चारता आलं नाही. वायर पोचत नाही म्हटल्यावर विषय मिटला, असं त्यांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात भाचा एक छोटा खोका घेऊन आला. मी तेव्हा खिडकीशीच होते. खोक्यात अंगठ्याएवढी काळी पट्टी होती आणि तिला वर करता येईल अशी एक शेंडी.

"आत्या, तुझ्यासाठी गिफ्ट! वायरलेस अडॅप्टर. हे मागं खोचलं की वायरीची कटकट संपली. आता तू घरात कुठंही बस."

"कुठंही?"

"कुठंही!"

"मग इथंच बसते," ताई म्हणाल्या.

सगळे हसले. भाऊही पेपराआडून हसला. भाच्यानं "काय ग आत्या तू!" म्हणत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. 

रविवारी सकाळी कॉम्प्युटर मागच्या खोलीत गेला. खोक्यात एक छोटी डिस्क होती आणि घडीचा कागद. आधी डिस्कवरचा प्रोग्रॅम घाला, मग अडॅप्टर खोचा, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. भाच्यानं आधी अडॅप्टर खोचला. मग डिस्क घालायला गेला, तर कॉम्प्युटरचा डिस्कचा कप्पा कैक वर्षांत उघडला नव्हता, तो आत्ताही उघडेना. मग त्यानं मोबाइलवरून कुठून तरी तसाच एक प्रोग्रॅम उतरवला आणि पेनड्राइव्हनं आत घातला. स्क्रीनवर अडॅप्टरच्या नावापुढं पिवळा त्रिकोण आला, त्यात उद्गारचिन्ह. सूनबाई टेबलाखाली टॉर्च धरून बसली. भाऊ दारातून सांगत होता, "बंद करून चालू कर." बंद करून चालू केला. त्रिकोण तिथंच.

"डबा जुना झालाय बाबा, याच्यावर नाही चालणार हे," भाच्यानं घाम पुसत निकाल दिला.

"मग राहू दे ना मागंच. बघू सावकाश," भावजय म्हणाली.

"उद्या सकाळी ऑफिसला मसुदा पाठवायचाय," ताई म्हणाल्या.

ऑफिसच्या कामापुढं त्या घरात कुणाचं काही चालत नसे, कारण घर बरीच वर्षं त्याच कामावर चाललं होतं. दुपारी कॉम्प्युटर पुन्हा पुढच्या खोलीत आला आणि वायर त्याला पुन्हा जोडली गेली. सोमवारी मी भाजी घेऊन येताना पाहिलं, रुमालाची घडी झाली होती आणि ताई जागेवर होत्या. आजारी पडल्यामुळे पेपर पुढं ढकलला गेलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जसं हसू असतं, तसं त्या माझ्याकडे बघून हसल्या.

हे असंच चालू राहिलं असतं. भाच्यानं भाड्याच्या गाळ्यांची चौकशीही सुरू केली होती. पण दोन गोष्टी घडत राहिल्या. अडॅप्टर काढायचा राहून गेला होता, त्यामुळे रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला की कोपऱ्यात पाटी यायची, हे उपकरण नीट बसवलेलं नाही. ताई ती बंद करायच्या, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. आणि दुसरी गोष्ट म्हणजे भाच्याचं बोलणं. मनात काही नसताना, मित्र आले की तो सहज म्हणायचा, "आमच्या आत्याचा कॉम्प्युटर म्हणजे म्युझियम आहे. नवीन काही झेपत नाही. कॉम्प्युटरलाही आणि आत्यालाही." मित्र हसायचे. ताई पाठमोऱ्या बसून टाइप करत असायच्या.

एके दिवशी दुपारी घरातली माणसं कुणाच्या तरी साखरपुड्याला गेली होती. ताईंनी मला खिडकीतून हाक मारली. इतकी मोठी हाक त्यांची मी कधी ऐकली नव्हती.

"बाई, आत या जरा. बघा तरी!"

मी आत गेले. टेबलावर तो घडीचा कागद पूर्ण उलगडून पसरला होता. मुंगीएवढी अक्षरं, कितीतरी भाषांत. त्याच्यावर भिंग. ताईंचे गाल लाल झाले होते.

"भाच्यानं घातलेला प्रोग्रॅम याच कंपनीचा होता, पण दुसऱ्याच मॉडेलचा. तो मी आधी काढून टाकला. हे बाहेर काढलं. याच्या पोटावर बारीक अक्षरांत मॉडेल लिहिलंय, ते भिंगानं वाचलं आणि वायर होतीच, म्हणून कंपनीच्या साइटवरून बरोबरचा उतरवला. तो घातला. मग तो प्रोग्रॅमच म्हणाला, आता खोचा. तेव्हा खोचलं."

अडॅप्टरवर हिरवा ठिपका लुकलुकत होता. पिवळा त्रिकोण गेला होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात आजूबाजूच्या घरांतल्या नेटवर्कची नावं आली होती, सगळ्यात वर त्यांच्याच घराचं. ताईंनी राउटरची वायर कॉम्प्युटरमधून उपटली आणि त्या नावावर क्लिक केलं. चौकट आली: पासवर्ड.

"हा मला माहीत नाही," ताई म्हणाल्या. "भाच्यानं ठेवलाय. वायर असली की लागतच नाही ना."

नेटचं कनेक्शन ताईंच्या नावावर होतं. बिलही त्यांच्याच नावानं यायचं. पण पासवर्ड विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मला त्या क्षणी सगळं दिसलं. मी म्हटलं, "छान झालं. आता ती वायर परत लावा आणि गप्प बसा."

"गप्प कशी बसू? चालतंय की नाही, कळायला नको?"

"ताई, चालतंय हे तुम्हाला कळलंय."

"अर्धंच कळलंय."

"अर्ध्यावर राहू द्या. माझं ऐका. घरात एक शब्द बोलू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणते ते त्यांना कळलं नाही असं नाही, नीट कळलं होतं. त्या कागदाच्या घड्या जुन्या खुणांवरून घालत होत्या आणि घड्या घालता घालता म्हणाल्या, "बघते."

संध्याकाळी काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. सगळे चहाला बसले होते. साखरपुड्याच्या गप्पा चालल्या होत्या. मुलीचा मामा कसा आगाऊ, आईस्क्रीम कसं वितळलेलं. मध्येच ताई म्हणाल्या, "अरे, वायफायचा पासवर्ड काय आहे?"

भाचा कप तसाच धरून थांबला. "तुला कशाला?"

"ते तुझं अडॅप्टर लागलं."

"काय सांगतेस! कुणी लावलं?"

"मी."

भाचा खरंच खूश झाला. तो उठला, त्यानं आत्याला मिठी मारली. "आत्या, तू म्हणजे कमाल आहेस! बाबा, बघितलंत?" त्याच्या आनंदात खोट नव्हती, हे ताईंनी मला मुद्दाम सांगितलं.

तो कॉम्प्युटरशी जाऊन बसला. ताई म्हणाल्या, "तू सांग, मी टाइप करते. माझा धंदाच आहे तो."

"राहू दे ग. लांबलचक आहे, तुझ्या लक्षात नाही राहायचा." आणि डावा हात कीबोर्डवर आडवा धरून त्यानं तो स्वतः टाइप केला. शेजारच्या मुलाला उत्तर दिसू नये म्हणून वर्गात तो असाच हात धरायचा. ताई शिष्टाचार म्हणून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

जोडलं गेलं. पान झटकन उघडलं. भाऊ म्हणाला, "वा!" सूनबाईनं टाळी वाजवली. आणि भावजयीनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "मागच्या खोलीत पण लागेल ना?"

"बघू या की लगेच," भाचा म्हणाला.

चहाचे कप तसेच राहिले. स्क्रीन भाच्यानं उचलला, डबा भावानं. कीबोर्ड ताईंनी स्वतः नेला. मागच्या खोलीत सिग्नलची एक काडी कमी दिसत होती. भाच्यानं एक जोडवायर आणून अडॅप्टर फळीवर उंच ठेवला, तशी तीही भरली. "झकास!" तो म्हणाला. प्रिंटर मात्र पुढंच राहिला. तो भाच्यालाही लागणार होता आणि आता काय, प्रिंटही वायरशिवाय देता येते.

पुढची खोली रंगली. काचेचं टेबल आलं, फिरणारी खुर्ची आली. खिडकीला आतून पडदा लागला. मी काही दिवस मुलीकडे गेले होते. परत आले तेव्हा आमच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद पडलेला होता आणि अंधारात एक जण पडलाही होता, म्हणून मी तक्रारीचा मजकूर कागदावर उतरवून ताईंकडे निघाले.

पुढच्या खोलीत भाचा होता. उठून उभा राहिला. माझ्या विद्यार्थ्यांमध्ये ही गोष्ट अजून आहे.

"या ना बाई, बसा. पाणी देऊ?"

"ताईंकडे काम होतं. एक अर्ज."

"आत्यानं बाहेरची कामं बंद केली बाई. आता वय झालं तिचं. ऑफिसचं तेवढं करते, बाकी आराम."

आतून टायपिंगचा आवाज येत होता. तो आवाज मला ओळखू येतो. ताई ओळ संपली की क्षणभर थांबतात, जणू जुन्या टायपिंग मशीनचा रूळ अजून ढकलायचाय.

"मग नुसतं भेटून येते," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरातून मागं गेले. भावजयीनं ओट्याशी सरकून वाट दिली.

खोलीत भरदुपारी दिवा लावलेला होता. ताईंचा चेहरा मला पाहून उजळला. त्यांनी गादीवरचे कपडे उचलून मला जागा केली.

"बाहेरची कामं बंद केलीत?" मी विचारलं.

"कोण म्हणालं?"

मी पुढच्या खोलीकडे नुसतं पाहिलं.

ताईंनी हातातल्या कपड्यांतल्या एकाची घडी घातली. मग म्हणाल्या, "कुणी फिरकलंच नाही इतके दिवस. मला वाटलं, सगळ्यांच्या नळांना पाणी यायला लागलं."

आम्ही दोघी हसलो. हसू लवकर संपलं.

"मी सांगितलं होतं ताई, गप्प बसा म्हणून."

"सांगितलं होतं."

"मग का विचारलात तो पासवर्ड?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, वायर होती तोवर मला वायरीनं बसवलं होतं तिथं. म्हणजे मी बसले नव्हते, अडकले होते. मला वाटलं, एकदा वायर सुटली, कुठंही बसता येतंय असं झालं, की कुणीतरी विचारेल, ताई, तुला कुठं बसायचंय? मग मी सांगितलं असतं. मग मी तिथं माझ्या मनानं बसले असते." त्या थांबल्या. "वाक्य तयार होतं माझं. विचारलं नाही कुणी."

 शिकवताना कधी न अडखळणारी बाई मी, माझ्या हातातला कागद उगाच सरळ करत राहिले. ताईंनी तो माझ्या हातातून घेतला.

"कुणाविरुद्ध?"

"दिव्याविरुद्ध."

त्यांनी पूर्ण वाचला, दोन ठिकाणी भाषा सौम्य केली, एका ठिकाणी कडक केली आणि भराभर टाइप करून टाकला. मग प्रिंटचं बटण दाबलं. पुढच्या खोलीत घरघरत असलेला प्रिंटर मध्येच थांबला.

"आत्याऽ," भाच्याचा आवाज आला, "प्रिंट तू दिलीस का? इथं पार्टी बसलीय, त्यांचा करारनामा निघतोय. मध्येच काही पाठवू नकोस ना!"

आवाजात राग नव्हता. लहान मुलाला सांगावं, तसा समजुतीचा सूर होता.

ताईंचा हात माउसवर तसाच राहिला. मी म्हटलं, "असू द्या, मी थांबते. त्याचं होऊ दे."

त्यांनी मान हलवली. स्क्रीनवर प्रिंटच्या रांगेत भाच्याच्या करारनाम्याखाली माझा अर्ज उभा होता. "बसस्टॉपजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मेल करते," त्या मला हळूच म्हणाल्या, "तिथून घ्या. आणि पुढच्या वेळी तिथंच टाइप करून घ्या बाई. पोरगा चांगला करतो."

मग गळा साफ करून त्यांनी पुढच्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "चुकून गेलं रे." आणि माझा अर्ज रांगेतून काढून टाकला.